स्टॉपर म्हणून खेळू, की पोलीस भरतीची तयारी करू?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: कोल्हापूर जिल्ह्यातील 19 वर्षांची ही वाचक बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. शाळेत ती फॉरवर्ड, म्हणजे आघाडीला खेळत असे. दोन वर्षांपूर्वी सरांनी तिला स्टॉपरच्या, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी असलेल्या बॅकच्या जागी खेळवायला सुरुवात केली आणि त्याच जागेवरून ती शालेय राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळली. अलीकडच्या एका स्पर्धेत तिच्या संघाने फारच थोडे गोल खाल्ले, तरी बक्षीस आणि वर्तमानपत्रातला फोटो गोल करणाऱ्या मैत्रिणीला मिळाला. आता परराज्यातील एका क्लबने राहण्या-जेवणाची सोय आणि दरमहा काही मानधन देण्याचे तोंडी कबूल केले असून ‘करार नंतर बघू’ असे सांगितले आहे. साखर कारखान्यात नोकरीला असलेले तिचे वडील म्हणतात, की फुटबॉल पुरे झाला, आता पोलीस भरतीची तयारी कर. ती विचारते, “बॅकला कोणी बघत नाही, मग मी पुन्हा फॉरवर्ड व्हावे का? क्लबकडे जावे का? आणि बाबांना काय सांगावे?”

उत्तर:

तुझ्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि त्या गुंत्यामुळेच तुला झोप लागत नसावी. मी ते सुटे करून पाहणार आहे. त्यातही पहिल्या प्रश्नावर मी अधिक वेळ थांबेन, कारण आपल्या जागेविषयी तुझ्या मनात जे ठाण मांडून बसले आहे, त्याचा परिणाम उरलेल्या दोन्ही निर्णयांवर होतो आहे.

‘बॅकला कोणी बघत नाही’ हे वाक्य तुझ्या पत्रात तीन वेगवेगळ्या ठिकाणी आले आहे. प्रेक्षकांपुरते ते खरे आहे आणि त्याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. जगातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी’ओर पुरस्कार महिलांना 2018 पासून दिला जातो. 2025 पर्यंत तो एकदाही बचावपटूच्या वाट्याला आलेला नाही. तुझ्या गावच्या स्पर्धेत जे घडले, तेच जगातल्या सर्वांत मोठ्या मंचावरही घडते. मात्र बक्षीस देणारे आणि संघ निवडणारे लोक वेगळे असतात, आणि तुझी कारकीर्द ज्यांच्या हातात आहे ते दुसऱ्या प्रकारातले आहेत. भारतीय महिला फुटबॉलमध्ये शंभर आंतरराष्ट्रीय सामने खेळण्याचा मान सर्वांत आधी कोणाला मिळाला, हे पाहा. तो मिळाला मणिपूरच्या लोइतोंगबाम आशालता देवीला, 2024 च्या ऑक्टोबरमध्ये काठमांडूच्या सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धेत, आणि ती तुझ्याच जागेवर खेळणारी बचावपटू आहे. तिने भारताचे कर्णधारपद सांभाळले, मालदीवच्या लीगमध्ये ती खेळून आली आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2018-19 ची सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून तिची निवड केली. 2019 च्या सॅफ स्पर्धेत सर्वांत मौल्यवान खेळाडूचा किताब मिळाला तो डालिमा छिब्बर या बचावपटूलाच; पुढे ती कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात शिकायला गेली आणि तिथल्या विद्यापीठाच्या संघातून खेळली. त्याच वर्षी युरोपातील सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली इंग्लंडची ल्युसी ब्राँझ, जी राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूची बचावपटू आहे.

आता क्लबच्या बाजूने विचार कर. इंडियन विमेन्स लीग या देशातील सर्वोच्च महिला लीगमधल्या क्लबांना परदेशी खेळाडू घेण्याची मुभा असते, पण त्या जागा मोजक्या असतात. अशी मोजकी जागा क्लब कोणावर खर्च करतो? बहुतेक वेळा गोल करणारीवर. 2020 मध्ये गोकुळम केरळने विजेतेपद मिळवले तेव्हा नेपाळची साबित्रा भंडारी त्यांच्यासाठी गोल करत होती. 2024-25 च्या हंगामात त्याच क्लबकडून युगांडाची फाझिला इक्वापुट लीगमधील सर्वाधिक गोल करून गेली. तू फॉरवर्ड झालीस, तर तुझी स्पर्धा राज्यातल्या मुलींबरोबरच अशा खेळाडूंशीही असेल. स्टॉपरच्या जागेसाठी मात्र क्लब अजूनही मोठ्या प्रमाणावर भारतीय मुलींकडेच पाहतात, आणि उंची, हेडरची वेळ व डाव्या पायाने अचूक पास या तीन गोष्टी जिच्याकडे आहेत अशी भारतीय स्टॉपर सहज सापडत नाही. सरांनी तुला मागे आणले, याला तू पत्रात ‘मागे टाकले’ असे म्हटले आहेस. तसे ठरवून टाकण्याआधी एकदा त्यांनाच विचार, की माझ्यात काय पाहून तुम्ही हा बदल केला. मला वाटते, त्यांच्या उत्तरातून तुला तुझ्या खेळाविषयी अशी एखादी गोष्ट कळेल, जी आजवर कोणी तुला सांगितलेली नाही.

निवड करणारी व्यक्ती स्टॉपरमध्ये नेमके काय पाहते, हे जरा जवळून सांगते. समज, चेंडू तुझ्यापासून चाळीस मीटर दूर, समोरच्या संघाच्या विंगरपाशी (कडेने धावणाऱ्या आघाडीच्या खेळाडूपाशी) आहे आणि साऱ्या मैदानाचे डोळे त्या विंगरवर आहेत. निवड करणारी मात्र या क्षणी तुझ्याकडे पाहत असते. तू खांद्यावरून मागे पाहिलेस का, म्हणजे तुझ्या पाठीशी कोण उभी आहे हे तुला ठाऊक आहे का. तुझे अंग पूर्ण चेंडूकडे वळलेले आहे, की अर्धे चेंडूकडे आणि अर्धे आपल्या गोलकडे. विंगरने मान खाली घालून क्रॉससाठी, म्हणजे कडेवरून चेंडू गोलसमोर टाकण्यासाठी, पाय मागे नेला त्याच क्षणी तू दोन पावले मागे सरकलीस, की चेंडू हवेत आल्यावर. साइड बॅकला तू नावाने हाक मारून आत बोलावलेस का. चेंडू परतवला गेल्यावर तू तिथेच उभी राहिलीस, की साऱ्या फळीला हात दाखवून वर घेऊन गेलीस, हेही टिपले जाते. टॅकल करून, म्हणजे समोरच्या खेळाडूच्या पायातून हिसकावून चेंडू मिळवला की टाळ्या पडतात, पण चांगल्या स्टॉपरला दर सामन्यात फार टॅकल करावे लागत नाहीत, कारण आघाडीच्या खेळाडूला तिच्या कमजोर पायाकडे वळवून, वेळ काढून, पास देण्याची वाटच तिने आधी बंद केलेली असते. हे काम फोटोत येत नाही. मात्र ज्याला येते त्याचे पाय थोडे मंदावले तरी चालते, म्हणून बचावपटूची कारकीर्द अनेकदा लांबते: आशालताने शंभरावा सामना खेळला तेव्हा तिने तिशी ओलांडली होती.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते, जी तुझ्यासारख्या अनेक मुलींच्या उपयोगी पडावी. क्लबना व्हिडिओ पाठवताना निवडक टॅकल एकत्र जोडून दोन मिनिटांची फीत बनवण्याची पद्धत आहे. फॉरवर्डसाठी ती ठीक आहे. स्टॉपरसाठी तिचा उपयोग फारसा होत नाही, कारण त्यात टॅकलच्या आधीचे अर्धे मिनिट दिसत नाही आणि तुझी हुशारी त्या अर्ध्या मिनिटात असते. कोणाला तरी गॅलरीच्या वरच्या पायरीवर किंवा जवळच्या गच्चीवर उभे करून संपूर्ण बचावफळी चौकटीत येईल असा पूर्ण सामना मोबाइलवर घे. असे दोन सामने पाठव, त्यांतला एक हरलेला असला तरी चालेल, आणि सोबत कोणत्या मिनिटाला काय पाहावे हे चार ओळींत लिही. हरलेला सामना पाठवायला मुली घाबरतात. पण गोल खाल्ल्यानंतरच्या दहा मिनिटांत स्टॉपर कशी वागते, हे पाहायला प्रशिक्षक उत्सुक असतात, कारण एक चूक आणि त्यावर सगळ्यांच्या नजरा हा या जागेचा कायमचा भाग आहे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: जागा बदलू नकोस. गोल करण्याची हौस असेल तर कॉर्नरला पुढे जा.

दुसरा प्रश्न क्लबचा. ‘व्यावसायिक फुटबॉलपटू’ म्हणजे वर्षभर खेळणारी आणि वर्षभर पगार घेणारी, असे तू धरून चालली आहेस. आपल्याकडची स्थिती तशी नाही, आणि ती माहीत असताना घेतलेला निर्णय अधिक चांगला होईल. 2024-25 च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये आठ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला 14 सामने आले. जानेवारीत सुरू झालेला हंगाम एप्रिलमध्ये संपला आणि ईस्ट बंगालने विजेतेपद मिळवले. म्हणजे देशातील सर्वोच्च लीगचे सामने काही महिन्यांतच आटोपतात. महासंघाने 2023 मध्ये असे ठरवले, की या लीगमधील क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान 3.2 लाख रुपयांचे करार करावेत. महिन्याला हिशेब केला तर ही रक्कम 27 हजारांच्या आत येते. पूर्वीच्या तुलनेत हे मोठे पाऊल आहे, पण ते सर्वोच्च लीगसाठी आहे, आणि तुला बोलावणारा क्लब, तू लिहितेस त्याप्रमाणे, दुसऱ्या श्रेणीत खेळतो. तिथे किती मिळेल आणि किती महिने मिळेल, हे सर्वस्वी कागदावर काय लिहिले आहे यावर अवलंबून असते. क्लब येतात आणि जातातही. 2017 ची पहिली लीग जिंकणारा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन आणि 2018 चा विजेता रायझिंग स्टुडंट्स क्लब हे दोन्ही 2024-25 च्या आठ संघांत नव्हते. तुझ्या जिल्ह्याच्या नावाचा एफसी कोल्हापूर सिटी हा संघही या लीगमध्ये खेळून गेला आहे. आज तो तिथे नाही.

म्हणून ‘करार नंतर बघू’ हे उत्तर मान्य करू नकोस. यात उद्धटपणा नाही. फिफाच्या नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूचा करार लेखीच असावा लागतो, आणि क्लबचा हेतू चांगला असला तरी कागद नसेल तर अडचणीच्या दिवशी तुझ्या हातात काही राहत नाही. कागदावर कोणती तारीख ते कोणती तारीख हे हवे, मानधन कोणत्या तारखेला बँकेत जमा होणार हे हवे, आणि मुख्य म्हणजे सामन्यात किंवा सरावात दुखापत झाली तर शस्त्रक्रियेचा आणि पुनर्वसनाचा खर्च कोण करणार व त्या काळात मानधन चालू राहणार का, हे स्पष्ट लिहिलेले हवे. या शेवटच्या वाक्यासाठी अडून बसायला मागेपुढे पाहू नकोस. हंगाम संपल्यावर दुसरीकडे जायचे असेल तर ना हरकत प्रमाणपत्र किती दिवसांत मिळेल, हेही विचार, कारण खेळाडूची नोंदणी एका क्लबच्या नावावर अडकून राहिल्यामुळे पूर्ण वर्ष वाया गेल्याची उदाहरणे या खेळात आहेत. दोन महिन्यांचा पगार थकला, तर क्लबला लेखी कळवून 15 दिवसांची मुदत देता येते आणि तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडूला करार संपवता येतो, अशी तरतूद फिफाच्या नियमांत आहे. पण त्यासाठी मुळात करार हवा. हे वाचणाऱ्या ज्या पालकांच्या मुली 18 वर्षांखालील आहेत, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की त्या वयात तीन वर्षांहून अधिक मुदतीचा व्यावसायिक करार त्याच नियमांनुसार करता येत नाही. कोणी पाच वर्षांचा कागद पुढे केला तर सही करू नये.

राहण्याची सोय पाहायला आई किंवा बाबांपैकी एकाने तुझ्याबरोबर जावे. खोलीत किती जणी, संघाबरोबर महिला व्यवस्थापक किंवा फिजिओ आहे का, रात्री काही झाले तर फोन कोणाला करायचा, तक्रार असेल तर ती ऐकणारी समिती आहे का, हे प्रश्न पालकांनी विचारले की क्लब त्यांची उत्तरे अधिक गंभीरपणे देतात. मागच्या हंगामात तिथे खेळलेल्या दोन मुलींशी बोलल्याशिवाय होकार देऊ नकोस. पगार वेळेवर झाला का, हे त्यांना सरळ विचार.

तुझ्या पत्रात शरीराविषयी एक ओळही नाही, म्हणून तो विषय मीच काढते. गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी पट अधिक असतो. धावता धावता एकदम वळणे, उडी मारून एका पायावर उतरणे, झटक्यात थांबणे या क्षणी तो तुटतो, आणि स्टॉपरचे काम नेमके याच हालचालींचे आहे. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागते. आपल्याकडच्या छोट्या हंगामाचा विचार केला तर त्यात एक पूर्ण हंगाम जातो. यावर एक साधा, फुकट आणि अभ्यासांतून सिद्ध झालेला उपाय आहे: ‘फिफा 11+’ नावाचा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्म-अप, ज्यात धावणे, मांड्यांची ताकद, एका पायावरचा तोल आणि उडीनंतर गुडघा आत न वळू देता उतरणे यांचा सराव असतो. आठवड्यातून किमान दोनदा नियमितपणे केल्यास दुखापतींचे प्रमाण लक्षणीय कमी होते. आपल्याकडे मैदानाला दोन फेऱ्या मारल्या आणि पाय ताणले की वॉर्म-अप झाला असे मानतात. तुझ्या संघात तसे असेल तर तू एकटीने सुरुवात कर. ल्युसी ब्राँझ 2025 ची युरो स्पर्धा पायाचे हाड मोडलेले असताना खेळली आणि इंग्लंड जिंकले, याचे कौतुक तू वाचले असशील. तिच्या दिमतीला जगातले उत्तम डॉक्टर होते आणि तिच्या नावावर कारकीर्द जमा झालेली होती. एकोणिसाव्या वर्षी, कराराविना, कडक वाळलेल्या मैदानावर कोणी ‘थोडे दुखते आहे तर पट्टी बांधून खेळ’ म्हणाले, तर नाही म्हण.

आता बाबा. ते फुटबॉलच्या विरोधात आहेत असे तू लिहितेस, पण तुझ्याच पत्रात ते तुला पहाटे सरावाला सोडायला येतात असेही आहे. मला ते विरोधक वाटत नाहीत. खेळ संपल्यावर मुलीच्या हातात काय राहील, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि वर दिलेले आकडे पाहिल्यावर तो अवास्तव म्हणता येत नाही. मात्र ‘फुटबॉल की नोकरी’ अशी जी मांडणी तुमच्या घरात झाली आहे, ती मला पटत नाही. भारतातील महिला फुटबॉल बराच काळ रेल्वे आणि पोलीस दलांसारख्या खात्यांच्या आधारावर उभा राहिला आहे. राष्ट्रीय वरिष्ठ महिला स्पर्धेत, जिच्या करंडकाला आज राजमाता जिजाबाईंचे नाव आहे, मणिपूरसारख्या बलाढ्य राज्याला रेल्वेच्या संघाने हरवले आहे. आशालता स्वतः रेल्वेकडून खेळली आहे. नोकरी करत खेळणे हा इथला रुळलेला रस्ता आहे.

या रस्त्यावर उपयोगी पडतात ती प्रमाणपत्रे, आणि नेमक्या याच बाबतीत मुली निष्काळजी असतात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण कोणत्या स्पर्धेतील कोणत्या कामगिरीवर कोणत्या गटातील पदाला पात्र ठरता येते हे शासन निर्णयात ठरवून दिलेले आहे, आणि अर्ज करण्याआधी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्यांची संधी इथेच हुकते. तुझे शालेय राष्ट्रीय स्पर्धेचे प्रमाणपत्र आजच बाहेर काढ आणि ते कुठे ग्राह्य धरले जाते याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात कर. केंद्र सरकारच्या खेळाडू भरतीत राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा आणि विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेल्यांचा विचार होतो. म्हणजे कॉलेज सोडलेस तर पदवी तर जाईलच, शिवाय आंतरविद्यापीठ स्पर्धेचा, पर्यायाने नोकरीचा एक दरवाजाही बंद होईल. बी. ए. पूर्ण करणे हे मी म्हणूनच फुटबॉलच्या तयारीत धरते.

बाबांशी बोलताना ‘मला खेळायचेच आहे’ एवढ्यावर थांबलीस, तर बोलणे तिथेच तुटेल. त्यांच्यासमोर मुदत ठेव: पदवी पूर्ण होईपर्यंत खेळ, त्या काळात राज्याच्या वरिष्ठ संघाच्या निवड चाचण्या आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि पदवीनंतर भरतीचा अर्ज खेळाडू म्हणून. पोलीस भरतीची शारीरिक तयारी आणि तुझी मैदानावरची तयारी यांत धावणे आणि ताकद समानच आहे. लेखी परीक्षेचा अभ्यास तेवढा वेगळा, तो रोज तासभर करण्याचे कबूल कर आणि पाळ. खेळाडू म्हणून पुढे फार जाता आले नाही, तरी मैदान सुटतेच असे नाही, हेही त्यांना सांग. गडहिंग्लज तालुक्यातील बेकनाळच्या अंजू तुरंबेकर प्रशिक्षक झाल्या, आशियाई महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा ‘ए’ परवाना त्यांनी मिळवला आणि अखिल भारतीय महासंघात तळागाळातील फुटबॉलच्या विकासाचे काम पाहिले. महासंघाचा ‘डी’ परवाना हा प्रशिक्षणातील पहिल्या पायऱ्यांपैकी एक. तुझ्या वयात तो अभ्यासक्रम करता येतो आणि स्टॉपरला साऱ्या मैदानाकडे पाहण्याची सवय असल्यामुळे तो तुला आवडेलही.

2025 च्या जुलैमध्ये भारतीय संघाने चियांग माई इथे थायलंडला 2-1 असे हरवून आशियाई चषकासाठी पात्रता मिळवली. पात्रता फेरी खेळून तिथवर पोहोचण्याची भारताची ती पहिलीच वेळ होती. दोन्ही गोल संगीता बास्फोरचे, आणि तिचे नाव सर्वत्र छापून आले, ते योग्यच झाले. तू तो सामना पुन्हा पाहा, शक्य असेल तर बाबांबरोबर, आणि दुसऱ्या गोलनंतर आघाडी टिकवून धरताना भारताची बचावफळी कुठे उभी राहते, कोण कोणाला हाक मारते, इकडे लक्ष दे. बाबांना तुझे काम समजावून सांगायला याहून सोपी जागा मला सुचत नाही.

क्लबला या आठवड्यातच लेखी कळव, की मला यायला आवडेल, कराराचा मसुदा पाठवा, तो माझे पालक आणि एक वकील वाचतील. मसुदा आला आणि त्यात दुखापतीचे व तारखांचे कलम असले, तर परीक्षेच्या तारखा सांभाळून एक हंगाम जरूर खेळून ये. महिनाभर वाट पाहूनही मसुदा आला नाही, तर तो क्लब सोडून दे आणि पुढच्या चाचणीची तयारी कर. दरम्यान परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख कॉलेजच्या कार्यालयात विचारून घे आणि शुल्क भरून टाक.